पाखऱ्याचा पाय आणि माझा शटर स्पीड

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगते. नाहीतर हसताना ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फोडाल!

माझ्या हातून असा काही गाढवपणा झालाय ना, की देवणी तालुक्यात अजून माझं नाव निघालं की लोक आधी माझ्या पायाकडे बघतात. हो हो, पायाकडे! तोंडाकडे नाही. का? तेच तर सांगायचंय तुम्हाला.

मी लातूरला एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. बावीस वर्षं झाली. वेग, अंतर, काळ म्हणजे माझ्या घरचेच! झोपेतून उठवून विचारलं तरी सूत्र सांगेन. तर अशा बाईनं या दिवाळीत काय करावं? कॅमेरा घेतला. साधासुधा नाही, चांगला काळाभोर, हातात घेतला की मनगट भरून येईल असा.

आणि कॅमेऱ्यात मला काय सापडलं? शटर स्पीड!

सोपं आहे हो. शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणी समजा. पापणी उघडून पटकन मिटली, तर पळणारी वस्तूसुद्धा फोटोत जागच्या जागी गोठते. सावकाश मिटली, तर तीच वस्तू फोटोत फरफटत जाते, धुरासारखी दिसते. म्हणजे वेग माझ्या बोटावर! एक चकती फिरवली की जग थांबणार, दुसरीकडे फिरवली की जग वाहणार. मी तर वेडीच झाले. उतू जाणारं दूध गोठवलं, नळाचं पाणी गोठवलं, उडीद पाखडताना सुपातून वर उडालेले दाणे गोठवले.

एके दिवशी हॉलमधला पंखा गोठवला. पंखा पाचवर गरगर फिरतोय, पण फोटोत तिन्ही पाती कशी निवांत! मी आनंदानं आमच्या ह्यांना ऑफिसात तो फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'बघा!'

अर्ध्या तासात दारात वायरमन. खांद्यावर शिडी.

"साहेबांचा फोन आला. पंखा बंद पडलाय म्हणं."

खरं सांगायचं तर देवानं तिथंच मला इशारा दिला होता. तो मला कळला का? छे! मी ह्यांनाच संध्याकाळी चार गोष्टी ऐकवल्या की तुम्हाला कला कळत नाही.

तर अशात बालाजीचा फोन आला. बालाजी म्हणजे माझा धाकटा भाऊ. देवणीच्या पुढे आमचं गाव, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून. तो शेती बघतो.

"आक्का, तू क्यामेरा घेतलीस म्हणं? पाखऱ्याचा फोटो पायजे. लई अर्जंट हाय."

पाखऱ्या म्हणजे आमचा बैल. देवणी जातीचा, पांढऱ्या अंगावर काळे डाग असलेला. डाग म्हणजे काय डाग! कुणीतरी निवांत बसून शाई शिंपडावी तसे. आमच्या बाबांनी तो वासरू असताना आणला होता. आणला तेव्हाच म्हणाले होते, "ह्यो एक दिवस पालखीच्या पुढं चालंल." जत्रेत पालखीपुढे चालायचा मान दरवर्षी एका बैलाला मिळतो आणि सात गावचे पंच तो बैल निवडतात. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. पाखऱ्या आता ऐन भरात होता. बालाजीला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि खरं सांगते, मलाही आतून फार वाटत होतं की हे व्हावं.

"फोटो कसला पाहिजे?" मी विचारलं.

"चालता! उभ्याचा चालंना. गेल्या साली एकानं उभ्या बैलाचा फोटो धाडला. पंचांनी मान दिला. अन् जत्रेदिवशी बघतेत तर बैल लंगडा! पालखी अर्धा तास वाटंत थांबली. म्हणून औंदा पंचांनी कायदा केलाय. फोटोत बैल चालायलाय असं दिसलंच पायजे. व्हिडिओ नको म्हणतेत, आमच्याकडं रेंज न्हाई, नुसतं गोल गोल फिरत ऱ्हातंय. ऐतवारी दुपारी बारापर्यंत पंचांच्या ग्रुपवर टाकायचाय."

चालता फोटो! अहो, बैलाचा वेग पकडायचा! हे काम देवानं माझ्यासाठीच राखून ठेवलेलं नव्हतं का? शनिवारी सकाळचं कॉलेज सुटलं तशी मी बॅग खांद्याला लावून उदगीरची एसटी पकडली.

घरी पोचते तर माझी भावजय सुरेखा हात पुसत आली. "आक्का, म्या सकाळीच मोबाईलवर एक काढून ठिवलाय. बघा बरं, चालंल का?"

मी बघितला. गोठ्याच्या सावलीत पाखऱ्या चाललाय, अंग स्पष्ट, डाग स्पष्ट. पण पाय! चारी पाय जरासे हललेले, खुरं पुसट.

"सुरेखा," मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "हे पाय बघ. हललेत! याला फोटो म्हणत नाहीत."

"बैल चालायलता, मग पाय हलतीलच की वो," ती म्हणाली.

तिचं हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

दुपारी उन्हात पाखऱ्याला धुऊन-पुसून वाटेवर आणलं. बालाजीनं कासरा धरला. मी एक गुडघा टेकून बसले आणि चकती फिरवून फिरवून एक बाय चार हजारवर आणली. म्हणजे एका सेकंदाचा चार हजारावा भाग! तेवढ्या वेळात बैल किती सरकणार? मी तोंडी हिशोब केला, ज्वारीच्या दाण्याएवढासुद्धा नाही. खटाखट दहा फोटो. काय सांगू, पाखऱ्याच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा फोटो आला! पुढचा उजवा पाय ऐटीत वर उचललेला, बाकी तीन जमिनीवर. बालाजीनं माझ्यासमोरच तो ग्रुपवर टाकला. मी चहाला बसले आणि कौतुकाची वाट बघू लागले.

दहा मिनिटांत बोललेला मेसेज आला. पंचांचे प्रमुख माणिकआबा. वय ऐंशीच्या पुढे, राहणार हद्दीवरचे, बोलताना मध्येच कानडी टाकणार. बैलाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

"बालाजी, बैल पुढच्या उजव्या पायानं लंगडा हाय का रं? तीन पायावर उभा हाय की. एक पाय टेकवंनाच."

माझ्या हातातला बिस्किटाचा तुकडा चहात पडला.

लगेच दुसऱ्या पंचाचा आवाज. "कासरा बी ढिला हाय आबा. बैल चालायला न्हाईच. उभाच हाय, लंगडा पाय उचलून."

मी फोन हिसकावून घेतला. "आबा, नमस्कार. मी बालाजीची मोठी बहीण, लातूरला फिजिक्स शिकवते. पाखऱ्या लंगडा नाहीये हो. तो चालत होता. शटर स्पीड जास्त होता, म्हणून पाय तसा उचललेला दिसतोय."

आबांचं उत्तर आलं. "म्याडम, दुखणं बैलाच्या पायाला अन् नाव क्यामेऱ्याचं? आम्ही जलमभर बैलच बघितलेत."

बालाजी माझ्याकडे बघत राहिला.  सुरेखा हळूच म्हणाली, "आक्का, माझा मोबाईलवरचा धाडू का?"

"थांब गं!" मी म्हणाले. "चूक माझ्या लक्षात आलीय. त्यांना वेग दिसायला पाहिजे ना? आता असा वेग दाखवते की डोळे फिरतील!"

आणि फिरले हो. सगळ्यांचेच.

ऊन उतरल्यावर मी चकती दुसऱ्या टोकाला नेली. एक बाय आठ. शटर आपलं सावकाश, जेवून उठल्यावर उघडतंय-मिटतंय असं. बालाजीला म्हणाले, "जरा पळव त्याला." पाखऱ्या दुडूदुडू पळाला, मी बटण दाबलं, आणि स्क्रीनवर जे आलं ते बघून मी टाळ्या वाजवल्या. नुसता वेग! पुढून मागे वाऱ्याचा झोत!

बालाजी वाकून वाकून बघायला लागला. "आक्का, ह्येचे डाग कुठं गेले?"

"वेगात विरघळले."

"अन् पाय?"

"तेही विरघळले! अरे, यालाच गती म्हणतात!"

तो फोटो टाकू का नको करत होता. मीच त्याच्या हातून फोन घेऊन टाकला. हे मात्र कबूल करते, तो माझाच उतावळेपणा.

या वेळी दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"बालाजी, ह्यो दुसरा बैल कोनाचा रं? अंगावर एक डाग न्हाई. रंग राखाडी. देवणीत असला बैल म्या अजून बघितला न्हाई. म्हैस हाय का?"

पाठोपाठ दुसऱ्या पंचाचा आवाज. "दुपारी लंगडा, सांजच्याला राखाडी! एका नावावर दोन बैल दाखवायलास का? गेल्या सालीची फसवाफसवी इसरलास व्हय? आसं आसंल तर नावच काढून टाकू."

आता मात्र हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिली नव्हती. बालाजी गोठ्यात जाऊन पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. जेवायला बसला तर अर्धी भाकरी ताटात तशीच. मला बाबा आठवले. आपल्या हुशारीपायी बाबांच्या बैलाला लोक लंगडा म्हणाले, म्हैस म्हणाले, आणि माझ्या सरळ भावाला फसवा म्हणाले. फार वाईट वाटलं. 

मग काय केलं मी? शहाण्या बाईनं सुरेखाचा मोबाईल घेतला असता. पण मी फिजिक्सची ना! मी वही काढली.

वहीत उत्तर सापडलं हो! सापेक्ष वेग! बैल चालतोय, मीही त्याच्या बाजूनं त्याच वेगानं चालले, तर माझ्यापुरता बैल उभा! मग शटर जरा सावकाश ठेवलं तरी अंग स्पष्ट येणार, डाग जागेवर राहणार, आणि मागची झाडंझुडपं पळताना दिसणार. लंगडाही नाही, राखाडीही नाही! मी पेन आपटून ओरडले, "सुटलं गणित!" सुरेखा बिचारी दचकून आतून धावत आली.

रविवारी सकाळी नऊला तालीम सुरू. बालाजी कासरा धरून पलीकडून, मध्ये पाखऱ्या, अलीकडून मी. एक डोळा कॅमेऱ्याला, दुसरा मिटलेला. बैलाचा वेग मी दोनदा मोजला होता. माझा वेग तीनदा मोजला होता.

उकिरडा कुठे आहे, ते मात्र मोजलं नव्हतं.

"चाला!" मी म्हणाले. निघालो. एक पाऊल, दोन पावलं, पाच, सात. काय सुंदर जमत होतं! पाखऱ्या चौकटीत मधोमध, झाडं मागे पळतायत, मी धडाधड फोटो काढतेय, तोंडानं "वा! वा!" चाललंय. बालाजी काहीतरी ओरडला. मला वाटलं, त्यालाही आनंद झाला. मी म्हणाले, "हो रे, दिसतंय मला!"

आणि गेले! डावा पाय मुरगळून मी अशी उकिरड्यात बसले की कंबरेपर्यंत शेणकाला. कॅमेरा मात्र दोन्ही हातांनी वर धरलेला. पाखऱ्या थांबला, मान वळवून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चालू लागला.

"आक्का, लागलं का?" बालाजी धावत आला.

"मला सोड! फोटो बघ! बारा वाजायचेत!"

फोटो बघितले. पहिल्या सहा-सातांत पाखऱ्याची मान हलून पुसट झालेली. एकच भन्नाट स्पष्ट आला होता, डाग कसे लख्ख, झाडं कशी धावती. फक्त त्यात पाखऱ्या खांद्यापासून मागेच होता. पुढचा भाग चौकटीच्या बाहेर गेला होता.

"हा टाक," मी उकिरड्यातूनच फर्मान सोडलं. "डाग तर दिसतायत ना?"

सुरेखा मला बाहेर काढून, धुऊन, पायाला हळदचुना लावून फडकं बांधेपर्यंत आबांचा आवाज आलाच.

"बालाजी, पयला लंगडा, दुसरा राखाडी, अन् आता बिनमुंडीचा. तीन बैल झाले. आता फोटो धाडू नको बाबा. आम्हीच येतो."

ते आलेच हो! बारा वाजायच्या आत एका जीपमधून पाच पंच उतरले. माणिकआबा पुढे, हातात काठी, चेहरा करडा. गाव गोळा झालं. "कोनता बैल हाय? तिन्ही काढ," आबा म्हणाले.

"आबा, एकच हाय," बालाजी हात जोडून म्हणाला आणि पाखऱ्याला बाहेर घेऊन आला.

मी पडवीत खुर्चीवर बसले होते. मनातल्या मनात देवाला नवस बोलत होते. पाखऱ्या मात्र आमच्या कुणाच्याच काळजीत नव्हता. वाटेवर आला, मान वर केली आणि चालला. काय चाल ती! चारी खुरं कशी तालात, डाग उन्हात चकाकतायत. आबा एका बाजूनं बघून आले, दुसऱ्या बाजूनं बघून आले. वाकून पुढचा उजवा पाय उचलून बघितला. डागावर थुंकी लावून बोट घासून बघितलं, निघतो का म्हणून! मग काठी जमिनीवर आपटून म्हणाले, "छलो अद!"

कानडीत म्हणजे, चांगला आहे! बैल झकास आहे! बालाजीनं पाखऱ्याच्या मानेला मिठीच मारली. मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी उठले. इथंच गप बसले असते तर बरं झालं असतं! पण नाही, आबांना शटर स्पीड समजावल्याशिवाय माझं समाधान होईल का? मी खुरडत खुरडत त्यांच्याकडे निघाले. "आबा, आता तरी पटलं ना? शटर स्पीड जास्त होता, म्हणून—"

"थांबा म्याडम," आबा म्हणाले. "आजून दोन पावलं चाला बरं."

मी चालले. आबांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या पायाच्या फडक्याकडे बघितलं, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "लंगडं तर हाय गड्या. पन बैल न्हाई!"

गाव कोसळलं. पंच कोसळले. बालाजीसुद्धा! सख्खा भाऊ!

तेवढ्यात सुरेखानं पदर सावरत मोबाईल पुढे केला. "आबा, म्या कालच ह्यो काढला होता."

आबांनी मोबाईल लांब धरून बघितला. "ह्येला म्हंत्यात चालता फोटो! अंग थीर, पाय हलायलेत. ह्यो का न्हाई धाडला?"

 सुरेखानं नुसतं माझ्याकडे बघितलं. मग आबांनी बघितलं, पंचांनी बघितलं, आणि बावीस वर्षं फिजिक्स शिकवणारी मी आपली पडवीच्या पत्र्याकडे बघत राहिले.

जत्रेत पाखऱ्या पालखीपुढे चालला. मी खुर्चीत बसून बघितलं. शिंगांना गोंडे, पाठीवर झूल, अंगावर गुलाल, आणि प्रत्येक पाऊल अगदी बाबा म्हणाले होते तसं. त्या दिवशी फोटो काढायचं काम सुरेखाकडे होतं. मला मागणीच नव्हती!

पण खरी गंमत पुढेच आहे. पंच जायच्या आधी सुरेखानं मोबाईलवर सगळ्यांचा एक फोटो काढला होता. तोच गावच्या फाट्यावर मोठ्या फ्लेक्सवर लागला. 'मानाचा बैल पाखऱ्या!' मधोमध पाखऱ्या, चारी पाय घट्ट रोवून. शेजारी बालाजी, आबा, पंच. आणि या टोकाला मी, पाय टेकवेना म्हणून डावा पाय वर उचलून. दहा फुटी फ्लेक्सवर एका पायावर उभी! सगळ्या फ्लेक्सवर लंगडं दिसणारं एकच, आणि ते मी.

बालाजीनं तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. तोवर मी लातूरला परत आले होते, डाव्या पायाला प्लास्टर, पाय उशीवर. आमचे हे शेजारीच बसले होते. त्यांनी मोबाईल जवळ घेतला, लांब धरला, चष्मा वर केला, खाली केला.

"हा तुझा पाय असा वर का गं?"

आता लंगडत होते म्हणू? ह्यांच्यासमोर? पंख्याच्या वेळी एवढं सुनावल्यावर? माझ्या तोंडातून आपोआप निघून गेलं, "अहो, मी चालत होते. शटर स्पीड जास्त होता, म्हणून पाय तसा उचललेला दिसतोय."

ह्यांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्या प्लास्टरकडे बघितलं आणि अगदी समजूतदारपणे मान डोलावली.

"अस्सं होय! म्हणजे पाय चांगलाच आहे. मग डॉक्टरकडे कशाला जायचं? प्लास्टर काढायला त्या वायरमनलाच बोलावतो. शिडी घेऊन यायला सांगतो."